एकशे सत्तेचाळिसावा लिफाफा

हेरॉन लेक,
३१ ऑक्टोबर २०२०

ती. आर्डिसताईस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

काल आईला पोचवलं आणि दफनभूमीच्या फाटकाशीच आपण दोघं तोंडातोंडी भांडलो, हे काही बरं झालं नाही. बाबा असते तर वही-पेन हातात देऊन दोघांना दोन खोल्यांत कोंडलं असतं. भांडायचं तर कागदावर भांडा, टपालपेटीपर्यंत चालत जाता जाता निम्मा राग उतरतो, हा त्यांचा नियम मी कित्येक वर्षांत पाळला नव्हता. आज पाळतो आहे. फोन करणार नाही, तूही करू नकोस.

राग पुरता उतरलेला नाही हे आधीच सांगतो. आईला तो आजार झालाच नव्हता. ती एकटेपणाने गेली. मार्चपासून तिच्या अंगाला माणसाचा हात लागला तो रबरी मोज्यातला. सात महिने मी त्या वृद्धाश्रमाच्या खिडकीबाहेर झुडपांत उभा राहून तिच्याशी ओरडून बोललो. शेवटी आत सोडलं ते वीस मिनिटं, तेही डोक्यापासून पायापर्यंत प्लॅस्टिक घालून. तिने मला ओळखलं नाही. आणि काल उघड्या माळावर, भर वाऱ्यात, दहा माणसं मोजून उभी केली. अकरावी लवॉन. आईची साठ वर्षांपासूनची मैत्रीण, ती गाडीत काच लावून बसून राहिली. अशा वेळी तू, सख्खी बहीण, मला म्हणतेस की मास्क नाकावर घे. तुझ्या अंगात रक्त आहे की शाई, असं मी फाटकाशी विचारलं. ते मागे घेत नाही, फक्त आवाज कमी करतो.

माझं हॉटेल अजून अर्धं बंदच आहे. शुक्रवारचा तळलेला मासा लोक गाडीत बसून नेतात आणि घरी जाऊन गार खातात. राहता राहिली रेडिओवरची माझी सकाळची पंधरा मिनिटं. तिथे मी ह्या बंदीबद्दल बोलतो आणि बोलत राहणार. राजधानीतल्या साहेबांना आमच्या आया आकड्यांत दिसतात. कुणीतरी त्यांना नावं सांगायला हवीत.

समाधान एकच. तीन आठवड्यांपूर्वी आईने टपाली मत भरलं. आतली नर्स साक्षीदार होती. लिफाफा चिकटवून तिने तो काचेला लावला आणि मला अंगठा वर करून दाखवला. कुणाला दिलं हे विचारायची गरजच नव्हती, तिचा माणूस तोच आपला माणूस. गावाची क्लार्क म्हणून निवडणूक तूच चालवतेस, तेव्हा तो लिफाफा एव्हाना तुझ्या टाउन हॉलच्या कपाटात असेल. मंगळवारी तिचं मत मोजलं गेलं की मला दोन ओळी लिही. त्या झुडपांत उभं राहिल्याचं चीज झालं असं वाटेल.

रागावलेल्या भावावर आहे तेवढी माया राहू दे.

तुझा,
डेलमार


नॉर्डन टाउन हॉल,
६ नोव्हेंबर २०२०

चि. डेलमार यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र बुधवारी, मतदानाच्या दुसऱ्या दिवशी हाती पडलं. अक्षर अजून कोंबडीने उकरल्यासारखंच आहे. रेडिओवाल्याला लिहायची सवय राहत नाही, हे बाबा आधीच सांगून गेले होते.

मंगळवारचं सांगते. आपल्याकडे अजून हातानेच मोजतात, तेव्हा सकाळी सातपासून आम्ही तिघी त्याच लांब टेबलाशी होतो: मी, लवॉन आणि गिरणीवरची डोरीन. लवॉनचं हे एक्केचाळिसावं वर्ष. एकोणऐंशी वर्षांची बाई, मधे प्लॅस्टिकचा पडदा, तोंडावर मास्क, तरी टपाली लिफाफ्यांवरची नावं तिने अशी खणखणीत पुकारली की बाहेर रांगेत ऐकू जात होती. नाव पुकारायचं, कुणाची हरकत आहे का म्हणून थांबायचं, मगच लिफाफा फोडायचा. आजोबांच्या वेळेपासून असंच चालत आलं आहे. तुझा मित्र ऑरिन दिवसभर निरीक्षक म्हणून बसला होता. लवॉनने आणलेला केक त्याने एकट्याने निम्मा संपवला आणि वर म्हणाला की लोकशाही टिकवायला ताकद लागते.

आईचा लिफाफा आला होता. सही थरथरती, पण नावाच्या पहिल्या अक्षराचं पोट तसंच गोल. बाकीचं भेटलो की बोलू.

रक्त की शाई विचारलंस. रक्तच आहे. कामावर असताना ते बाहेर दिसू देत नाही, एवढंच. मीही त्या खिडकीशी उभी राहिले आहे, डेलमार, बुधवारी आणि रविवारी. तुझे वार वेगळे होते.

तब्येत सांभाळ. रेडिओवर ऐकू येतं, तुझा घसा बस म्हणतो आहे, त्याचं ऐक.

तुझी बहीण,
आर्डिस


हेरॉन लेक,
१५ नोव्हेंबर २०२०

ती. ताईस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

आज एकाच गोष्टीसाठी लिहितो. ऑरिनने तुमच्या मोजणीच्या तक्त्याची प्रत आणून दिली. टपालाने आलेले लिफाफे एकशे सत्तेचाळीस. मोजलेली टपाली मतं एकशे सेहेचाळीस. खाली ‘एक बाद’ असं लिहिलं आहे आणि कारणाच्या जागी नुसता कलमाचा आकडा. ऑरिन म्हणतो, दिवसभरात एकही मत बाद होताना त्याने पाहिलं नाही.

तू चोरी करशील असं मी मेलो तरी म्हणणार नाही. पण शितावरून भाताची परीक्षा करतात. तुझ्यासारखी काटेकोर बाई असताना जिथे एक मत नाहीसं होतं, तिथे मोठ्या शहरांत, जिथे कुणी कुणाला ओळखत नाही, तिथे काय झालं असेल? लोक मला रोज हेच विचारतात. ही माणसं वेडी नाहीत, ताई. सात महिने त्यांना सांगितलं की घरात बसा, दुकान बंद ठेवा, चर्चमध्ये जाऊ नका, आई मेली तरी दहाच जण या. आता निकाल लागल्यावर सांगतात की विश्वास ठेवा. विश्वास काय नळाचं पाणी आहे, तोटी सोडली की आलं?

तेव्हा मला सांग, तो एक कोण? कुणाचं मत बाद केलंत आणि का? तुझ्या अक्षरातलं उत्तर मिळालं की मी रेडिओवर वाचून दाखवीन आणि नॉर्डनपुरतं तोंड बंद करीन.

वाट पाहतो. लोभाला तडा जाऊ देऊ नकोस.

तुझा,
डेलमार


नॉर्डन,
१९ नोव्हेंबर २०२०

चि. डेलमार यास,
अ. उ. आ.

तुझा प्रश्न रास्त आहे. विचारायचा तुला हक्क आहे, तुलाच काय, कुणालाही आहे. नोंदवही टाउन हॉलमध्ये आहे आणि मंगळवारी व गुरुवारी मी तिथेच असते. ये आणि स्वतः बघ. मी तुझ्यासमोर पान उघडीन.

पण ते मला पत्रात लिहायला लावू नकोस आणि पाहण्याआधी रेडिओवर बोलू नकोस. हे क्लार्क म्हणून सांगत नाही. आजवर तुझ्याकडे काही मागितलं असेल तर आठवून बघ. हे मागते आहे.

शनिवारपासून हरणांचा हंगाम. रानात केशरी जाकीट घालायला विसरू नकोस, गेल्या वर्षी विसरला होतास. येताना हरणाचं थोडं मांस आण, मी कोबी घालून शिजवीन. जेवून मग पान उघडू.

वाट पाहते.

आर्डिस


हेरॉन लेक,
२५ नोव्हेंबर २०२०

नॉर्डन टाउनच्या क्लार्कबाईंस,
स. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. सार्वजनिक प्रश्नाला कोबीची भाजी हे उत्तर होत नाही. ज्याला लपवायचं नसतं तो दोन ओळींत लिहून मोकळा होतो. आपण चार ओळी लिहिल्यात आणि त्यात उत्तर सोडून सगळं होतं.

सोमवारी सकाळी मी बोललो. कुणाचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणालो की आमच्या भागात एका टाउन हॉलमध्ये तीन बायका एका टेबलाशी बसल्या, एकशे सत्तेचाळीस लिफाफे आले आणि त्यांतला एक कुठे गेला ते माझ्या सख्ख्या बहिणीलाही सांगता येत नाही. दिवसभर फोन थांबले नाहीत. आपलेच दात, आपलेच ओठ, तेव्हा मला त्याचा आनंद झाला असं समजू नये.

आई असती तर मला विचारलं असतं की एवढं का पेटलास. मी सांगितलं असतं, तू काचेला लावलेला तो लिफाफा डोळ्यांपुढून जात नाही म्हणून. तुझ्यासारख्या कुणाचं तरी मत ह्यांनी फेकलं, म्हणून.

कळावे.

डेलमार ट्वेटेन


नॉर्डन,
२ डिसेंबर २०२०

डेलमार,

शनिवारी सकाळी लवॉन वर्तमानपत्र आणायला दार उघडून बाहेर आली. पायरीवर कुणीतरी हरणाचा कोथळा आणून टाकला होता, आतडी, रक्त, सगळं. वर पुठ्ठ्याचा तुकडा: म्हातारे, किती मतं गिळलीस. तिला आधी दिसलंच नाही. पाय घसरला. शेजारची बाई कुत्र्याला घेऊन बाहेर पडली तोवर अर्धा तास ती तिथेच, त्या घाणीत, थंडीत पडून होती. खुब्याचं हाड मोडलं आहे. इस्पितळात कुणाला भेटू देत नाहीत. नियम आहे.

तू नाव घेतलं नव्हतंस. तीन बायका म्हणालास. इथे तीन बायका म्हटलं की शेंबड्या पोरालाही नावं ठाऊक असतात. माझा फोन मी काढून ठेवला आहे. फोनवर जे ऐकलं ते कागदावर लिहिणार नाही.

आता तुझं उत्तर.

मंगळवारी दुपारी बाराच्या सुमारास टपाली लिफाफे घेतले. ऑरिन तेव्हा सँडविच खायला गाडीत जाऊन बसला होता, म्हणून त्याने काही पाहिलं नाही. लवॉन एकेक नाव पुकारत होती. एक लिफाफा तिने उचलला आणि माझ्याकडे पाहिलं. मग नेहमीसारखा सूर लावून तिने पुकारलं, बोर्गहिल्ड ट्वेटेन. आणि रीतीप्रमाणे हरकतीसाठी थांबली.

मतदानाच्या दिवसाआधी मतदार मेला असेल आणि त्याचा पुरावा असेल, तर त्याचं टपाली मत मोजायचं नाही, असा आपल्या राज्याचा कायदा आहे. आई सहा दिवसांपूर्वी गेली होती. वृद्धाश्रमाचे कागद अजून आले नव्हते, नोंदवहीत ती जिवंत होती. त्या खोलीत पुरावा म्हणजे मीच. लवॉन हळूच म्हणाली, जाऊ दे गं आर्डिस, तिने जिवंतपणी भरलंय, कोण विचारतंय. डोरीन खिडकीबाहेर बघत राहिली. मी काही बोलले नसते तर ते मत मोजलं गेलं असतं आणि तुझा तक्ता बिनचूक जुळला असता.

मी हात वर केला. माझी हरकत आहे, म्हटलं. कारण विचारलं तेव्हा सांगितलं की ही माझी आई आहे आणि शुक्रवारी मी तिला पुरलं.

तुला का लिहिलं नाही, असं विचारशील. तुझं पहिलं पत्र आलं तोवर हे होऊन गेलं होतं आणि त्यात तू लिहिलं होतंस की तेवढंच समाधान आहे. ते मला काढून घेववेना. समोर बसून सांगता येईल असं वाटलं, म्हणून बोलावलं, म्हणून मांस आण म्हटलं. भ्याले, असं म्हण हवं तर. कुणाचं तरी मत फेकलं असं तू म्हणालास. बरोबर म्हणालास. आपल्याच माणसाला पडलेलं मत होतं आणि मीच फेकलं. माझं स्वतःचं कुणाला पडलं ते विचारू नकोस. ऐकलंस तर तुलाच लाज वाटेल.

आर्डिस


हेरॉन लेक,
१२ डिसेंबर २०२०

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र आठ दिवस टपालात अडकलं होतं. गुरुवारी आलं. काल सकाळी मी ते माइकपुढे ठेवून बोललो. तुझं खाजगी वाचलं नाही. एवढंच सांगितलं की नॉर्डनचं ते एक मत माझ्या आईचं होतं, ती मतदानाआधी वारली होती, कायद्याने ते मोजायचं नव्हतं आणि माझ्या बहिणीने स्वतः हात वर करून ते बाजूला ठेवलं. मी चुकलो असं म्हणालो. लवॉनचं नाव घेऊन माफी मागितली. बंदीबद्दल जे म्हणत आलो ते मागे घेतलं नाही, ते मला अजून खरं वाटतं. पण ह्या एका मतावरून मी जो डोंगर उभा केला तो खोटा होता, असं स्पष्ट म्हणालो.

मग फोन सुरू झाले. पहिला म्हणाला, तुला किती दिले. दुसरी बाई माझ्यासाठी प्रार्थना करणार होती, बहिणीने तुला धमकावलं असणार म्हणाली. तिसरा फार प्रेमाने बोलला. त्याने माझे आभार मानले. म्हणाला, डेलमार, मेलेल्यांच्या नावाने मतं येतात हे तू अखेर घरच्याच पुराव्याने सिद्ध केलंस, आता मोठ्या शहरांत किती आली असतील विचार कर. मी सांगत होतो की ते मोजलं नाही, मोजलं नाही. तो म्हणत होता, पण आलं तर होतं ना.

दुपारपर्यंत आईचं नाव गावोगाव झालं होतं. बोर्गहिल्ड ट्वेटेन, मेल्यावर मत देणारी म्हातारी. मीच ते त्यांच्या हातात दिलं, ताई. राजधानीतल्या साहेबांना नाव सांगायला निघालो होतो आणि सांगितलं ते ह्यांना. कार्यक्रम सोडला आहे. स्टेशनवाल्यांनी राहा म्हटलं, ऐकणारे वाढले आहेत म्हणाले.

इस्पितळाच्या दारापर्यंत जाऊन आलो. आत सोडलं नाही. पहिल्यांदाच मी वाद घातला नाही.

तो लिफाफा अजून तुझ्याकडे असेल. कधी ना कधी उघडायची मुभा मिळत असेल, तेव्हा उघड आणि मला सांग की मी बरोबर होतो. निदान त्याबाबतीत तरी.

लोभ ठेव असं म्हणायला तोंड नाही.

डेल


हेरॉन लेक,
१० एप्रिल २०२१

ती. ताईस,
सा. न.

चार महिन्यांत तुझी ओळ नाही. रागावणं तुझा हक्क आहे. क्लार्कच्या जागेला दुसरं कुणी उभंच राहिलं नाही आणि तूच पुन्हा आलीस, हे वर्तमानपत्रात वाचलं. अभिनंदन करावं की सांत्वन, कळलं नाही.

लवॉनला आईच्याच वृद्धाश्रमात ठेवलं आहे, तुला ठाऊक असेलच. चालता येत नाही. खिडकी वेगळी, झुडपं तीच. मी दर गुरुवारी जातो. ती मला पाहते, खुर्चीची चाकं फिरवते आणि पाठ करून बसते. मी अर्धा तास उभा राहतो आणि येतो. परवा आतली नर्स बाहेर येऊन म्हणाली, आता आत यायची परवानगी आहे, या की. मी विचारायला सांगितलं. ती विचारून आली आणि म्हणाली, बाई नको म्हणतात.

बंदी उठली, ताई. दार उघडं आहे आणि मी बाहेर आहे.

डेल


नॉर्डन,
९ सप्टेंबर २०२२

चि. डेलमार यास,
अ. उ. आ.

कायद्याप्रमाणे त्या निवडणुकीचे कागद बावीस महिने जपायचे होते. मुदत शनिवारी संपली. मंगळवारी टाउन हॉलच्या मागच्या पिंपात जाळायला घेतले, डोरीन साक्षीला होती. सगळ्यांत खाली तो लिफाफा होता.

तू उघडायला सांगितलं होतंस. उघडला नाही. खिडकीतून तू लिफाफा पाहिलास, अंगठा पाहिलास, आतला कागद पाहिला नाहीस. तुझी खात्री आहे, माझीही आहे. पण तिने तो चिकटवला होता आणि चिकटवलेलं तिचंच राहू दे. निदान सही कापून तुला पाठवावी म्हणून कात्री हातात घेतली होती. डोरीनने तोंड फिरवलं, म्हणजे तिची ना नव्हती. मग कात्री ठेवली. रक्त की शाई, तू पुन्हा विचारशील.

बाकीचे गठ्ठ्याने टाकले. तिचा एकटा टाकला. टाकताना नाव मोठ्याने पुकारलं आणि रीतीप्रमाणे थांबले. कुणाची हरकत नव्हती.

लवॉन जुलैमध्ये गेली हे तुला कळलंच असेल. तू पुरताना मागे, फाटकाशी उभा होतास. मी पाहिलं, बोलावलं नाही. शेवटच्या महिन्यात ती मला म्हणाली होती की तुझा भाऊ अजून गुरुवारी येतो, मूर्ख आहे, पावसात टोपीसुद्धा घालत नाही. क्षमा केली असं ती म्हणाली नाही. मी तिच्या वतीने म्हणणार नाही.

आता कामाचं. नोव्हेंबरात पुन्हा मतदान आहे. टेबलाशी तिसरं माणूस मिळत नाही. तिघांना विचारलं, तिघांनीही आपापल्या पायरीकडे बघून नाही म्हटलं. लवॉनची खुर्ची रिकामी आहे. शपथ घ्यावी लागते आणि नावं मोठ्याने पुकारावी लागतात. प्रत्येक नावानंतर हरकतीसाठी थांबायचं असतं, ते तुला शिकावं लागेल. आवाज तुझा चांगला आहे.

सकाळी साडेसहाला ये. जेवायला गाडीत जाऊन बसायचं नाही.

तुझी बहीण,
आर्डिस